उघड्यावरची वेदी

आमच्या वस्तीतला प्रार्थनेचा ओटा लांबीला बत्तीस पावले आणि रुंदीला वीस पावले भरतो. पूर्वेच्या अंगाला काळ्या दगडाची वेदी आहे आणि वेदीच्या मागे, जिथे एरवी भिंत असते तिथे, कडुनिंब आहे. डाव्या हाताला लूर्दमातेची छोटी गुहा, उजवीकडे पाण्याचे दोन माठ आणि सतरंज्या ठेवायची लोखंडी पेटी. नाशिक रोड स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी इथे स्पष्ट ऐकू येते. जपमाळ चालू असली तर पुढे म्हणणारी बाई शिट्टी संपेपर्यंत थांबते, मग पुढचा मणी सरकवते. ही थांबण्याची सवय तीन पिढ्यांची आहे.

या ओट्याला पायाभरणीचा दगड नाही आणि उद्घाटनाची पाटीही नाही. या स्मरणिकेच्या समितीने शाळा, दवाखाना, महिला मंडळ यांचे इतिहास ज्यांचे त्यांना वाटून दिले आणि ओटा माझ्या वाट्याला आला. घरी येऊन आईला सांगितले, तर ती म्हणाली, "बाकी सगळं ओट्यावरच सुरू झालं की! आधी ओटा लिही." तिचे म्हणणे मी प्रमाण मानले आहे. पुढे जे लिहिले आहे त्यातला जुना भाग पुस्तकांतून आलेला आहे. ओट्याचा भाग वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेला आणि थोडा माझ्या डोळ्यांदेखत घडलेला आहे.

ओटा कोणी बांधला हे सांगण्याआधी उघड्यावर जमायची रीत आली कुठून, ते सांगायला हवे. नाशिकच्या भूमीला ती नवी नाही.

चर्च मिशनरी सोसायटीचे लोक 1832 मध्ये नाशिकला आले. पुढे 1854 च्या सुमारास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराच्या पश्चिमेला शरणपूर वसवले. घरातून बाहेर काढलेले नवख्रिस्ती, अनाथ मुले, ज्यांना कोणी उरले नव्हते अशी माणसे तिथे राहिली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकेतली मुले इंग्रजांच्या आरमाराने सोडवली, ती मुंबईला उतरवली आणि त्यांतली कितीतरी इथे शरणपुरात आणली. आज शरणपूर रोडवरून रिक्षाने जाणाऱ्या माणसाला हे सहसा ठाऊक नसते.

त्या मुलांपैकी एकाची गोष्ट मला ओट्यावर बसले की हमखास आठवते. जेकब वेनराइट त्याचे नाव. 1873 च्या मे महिन्यात डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत चितांबोच्या गावी वारले. त्यांच्या सोबत असलेल्या माणसांनी त्यांचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले आणि देह समुद्रापर्यंत पोहोचवायचे ठरवले. तिथे चर्च नव्हते, धर्मगुरू नव्हता. अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली. त्या झाडाच्या खोडावर नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. ती अक्षरे असलेला खोडाचा भाग पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्रफिकल सोसायटीत नेऊन ठेवला गेला. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीचा भार वाहणाऱ्यांत जेकब होता. नाशिकला शिकलेल्या मुलाने झाडाखाली वाचलेली ती प्रार्थना ॲबीतल्या प्रार्थनेहून कमी पवित्र होती, असे कोणी म्हणणार नाही.

आमची माणसे मात्र शरणपूरची नव्हेत. आमच्यातली बहुतेक घरे नगरकडची: राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या भागातली. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळाच्या अखेरीला, 1878 पासून, येशूसंघाचे फादर ऑटो वाइसहाउप्ट यांनी केंदळच्या परिसरात काम सुरू केले आणि नगर जिल्ह्यातले कॅथोलिक मिशन तिथून वाढत गेले. त्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला होते. ज्ञानोदय हे त्यांचे पत्र 1842 पासूनचे. दोन्ही मिशनांचा उपदेश वेगळा, उपासनेची पद्धत वेगळी. पण गावात गेल्यावर बसायची जागा दोघांनाही एकच मिळे, ती म्हणजे गावकुसाबाहेरचे झाड.

इथे आडपडदा ठेवून लिहिणे मला पटत नाही. आमचे पूर्वज महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले. देवळाच्या पायरीला त्यांचा हात लागायचा नाही. विहिरीवर त्यांनी जायचे नाही. चावडीवर बोलावले तर खाली उभे राहायचे. अशा माणसांना कोणीतरी येऊन झाडाखाली सतरंजीवर शेजारी बसवले, पुस्तक हातात दिले, मुलांची नावे विचारून वहीत लिहून घेतली. बाप्तिस्मा कोणी का घेतला यावर आजवर पुष्कळ वाद झाले आहेत, पुढेही होतील. माझी पणजी एवढेच सांगायची, असे आई म्हणते: तिथे उंबरा नव्हता.

या उंबऱ्याचे महत्त्व नाशिककरांना मी वेगळे सांगायची गरज नाही. 2 मार्च 1930 ला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो माणसांनी तो वर्षानुवर्षे चालवला. दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आमची वाट त्यांच्या वाटेहून वेगळी होती, पण बंद दार दोघांनीही एकच पाहिले होते. आमच्या ओट्याला भिंती घालून दार लावायची सूचना जेव्हा जेव्हा आली तेव्हा जुन्या माणसांनी ती का नाकारली, हे या इतिहासाशिवाय समजायचे नाही.

आता नाशिक रोड. रेल्वे आली तेव्हा स्टेशन शहरापासून पाच-सहा मैलांवर पडले आणि त्या मैलांमुळेच इथे वेगळे गाव उभे राहिले. 1920 च्या दशकात इथे सरकारी छापखाना आला, पाठोपाठ नोटांचा छापखाना आणि मध्यवर्ती कारागृह. स्वातंत्र्यानंतर तोफखान्याचे केंद्र आले, एकलहऱ्याला वीज केंद्र झाले. जिथे भोंगा वाजतो तिथे माणूस पोटासाठी येतोच. नगरकडची माणसे प्रेसमध्ये लागली, कोणी रेल्वेत, कोणी जेलरोडच्या बांधकामांवर. त्यांच्या आधी आणि नंतर गोव्याची, मंगळूरची, तमिळ मुलखातली ख्रिस्ती कुटुंबे रेल्वे आणि लष्कराच्या नोकरीने आली होती. ती मंडळी वेगळ्या मिस्सेला जायची. बूट, टाय, डोक्यावर रुमाल. आमच्या बायका नऊवारीत. एकाच धर्मातली ही दोन जगे कित्येक वर्षे एकमेकांना ओळखत नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

त्यात प्रेसच्या पाळ्या. रविवारी सकाळी कोणी कामावर, कोणी रात्रपाळी करून झोपलेले. म्हणून नगरहून आलेल्या एका मास्तरांनी, म्हणजे कॅटेकिस्टांनी, रविवारी संध्याकाळी कडुनिंबाखाली जपमाळ सुरू केली. ओट्याचा जन्म तो. तेव्हा ओटा नव्हता, शेणाने सारवलेली जमीन होती. वेदी म्हणजे कोणाच्या तरी घरची लाकडी पेटी, तिच्यावर पांढरे धोतर आणि कंदील. महिन्यातून एकदा फादर सायकलवर येत आणि मिस्सा होई.

तेव्हाची मिस्सा लॅटिन भाषेत असे. फादरांची पाठ आमच्याकडे, शब्द एक कळत नसे आणि बायका आपापली जपमाळ ओढत बसत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 ला उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि त्यानंतर काही वर्षांत वेदीवर मराठी आली. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले. पेटी, तबला, टाळ आले. भजनाची आवड नगरच्या रक्तातच होती. कृष्णराव सांगळे, नारायण वामन टिळक यांनी कीर्तन आणि अभंग ख्रिस्ती घरांत कधीच रुजवले होते. ते आमच्याकडे प्रॉटेस्टंटांचे म्हणून थोडे बाजूला राहिले होते, तेही आता म्हटले जाऊ लागले. जुन्या माणसांना विचारले की ओट्यावर सगळ्यात मोठा बदल कोणता झाला, तर ती फरशीचे नाव घेत नाहीत आणि शेडचेही घेत नाहीत. "फादर आपल्याकडं वळले," असे म्हणतात.

15 मे 1987 ला पुणे धर्मप्रांतातून नाशिकचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि येशूसंघाचे थॉमस भालेराव पहिले बिशप झाले. नाशिकचा बिशप मराठी आडनावाचा, ही बातमी ओट्यावर कोणीतरी मोठ्याने सांगितली तेव्हाचा आनंद मला चांगला आठवतो. आमच्या शेजारच्या आजींनी सगळ्या मुलांना गूळ-शेंगदाणे वाटले होते.

नाशिक रोडचे नाव बाहेरच्या जगात ज्यामुळे गेले ती बाळ येशूची यात्रा. तिच्यावर या स्मरणिकेत स्वतंत्र लेख आहे, म्हणून मी ओट्याशी संबंध येईल तेवढेच लिहिते. बाळ येशूची मूळ मूर्ती प्राग शहरातली, उंचीने दीड फुटाच्या आसपास. 1628 मध्ये पोलिक्सेना लोबकोविच या बाईंनी ती तिथल्या कार्मेली मठाला दिली. तीनच वर्षांनी सॅक्सन सैन्याने शहर घेतले, मठ लुटला आणि मूर्ती अडगळीत फेकली गेली. काही वर्षांनी फादर सिरिल यांना ती सापडली तेव्हा तिचे हात तुटलेले होते. अडगळीतून काढलेल्या त्या बाळाची प्रतिकृती येशूसंघीय फादरांनी नाशिक-पुणे रस्त्यावरच्या आपल्या मंदिरात स्थापली. दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी आणि रविवारी तिथे मुंबई, वसई, गोवा, मंगळूर, नगर अशा चारी दिशांनी माणसे येतात. मंदिर लहान, म्हणून मिस्सा बाहेर मंडपात. मराठी, इंग्रजी, कोकणी, हिंदी, तमिळ, एकीमागून एक. आणि त्या रांगेत हिंदू बाया असतात, दलित वस्त्यांतल्या असतात, कपाळावर कुंकू असते, कडेवर नवसाचे मूल असते. त्यांना कोणी अडवत नाही. माझी खात्री आहे की हीच मिस्सा बंद चर्चमध्ये झाली असती तर त्यांतल्या निम्म्या बाया बाहेर रस्त्यावरूनच हात जोडून परत गेल्या असत्या.

यात्रेला आमच्या वस्तीतले स्वयंसेवक पिढ्यान् पिढ्या जातात: पाणी वाटायला, रांग लावायला, चपला सांभाळायला, हरवलेली मुले आईबापांपर्यंत पोहोचवायला. ओट्याच्या सुधारणेची शाळा म्हणाल तर ती यात्राच. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी हवी, हे आम्ही तिथे शिकलो. मेणबत्त्यांची जागा वेदीपासून लांब आणि खाली वाळू घातलेली हवी, कारण फरशीवर मेण सांडले की म्हातारी माणसे घसरतात. पायऱ्या ओल्या राहता कामा नयेत. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळ मांढरदेवीला चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक यात्रेकरूंचा जीव गेला. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या हे तिथले एक कारण होते. त्याआधी 2003 च्या सिंहस्थात खुद्द नाशिकला चेंगराचेंगरी झाली होती. बत्तीस पावलांच्या ओट्यावर अशी गर्दी कधी होणार नाही, हे खरे. पण पुण्य शुक्रवारी क्रूसाची वाट संपते तेव्हा सगळी वस्ती एकाच वेळी वेदीशी येते आणि तिथे एक जरी आजी पडली तरी तो आमचा दोष.

आता ओट्याच्या कामाकडे येते. हे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण जिथे पैसे थोडे आणि चुका महाग असतात तिथे हे लिहून ठेवलेले बरे. दुसऱ्या एखाद्या वस्तीला उपयोगी पडेल.

नाशिक रोडची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आमच्या वडीलधाऱ्यांनी पहिल्यांदा फरशी केली तेव्हा सारवलेल्या जमिनीवरच वाळू पसरून शहाबादी फरशा मांडल्या. दोन पावसाळ्यांत त्यांतली एकही फरशी दुसरीच्या पातळीत उरली नाही. गुडघे टेकणाऱ्या बायकांना त्या कडा लागायच्या. दुसऱ्यांदा काम काढले तेव्हा प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी हट्ट धरला की काळी माती तीन फूट काढायची. लोक हसले, ओटा बांधतोय की विहीर खणतोय म्हणाले. पण काका हटले नाहीत. माती काढली, मुरूम थराथराने भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकला, वर दगडांची सोलिंग, तिच्यावर काँक्रीट आणि मग फरशी. शंभर फुटांना एक फूट असा उतार वेदीपासून रस्त्याकडे ठेवला. ती फरशी आजही जागची हललेली नाही. सगळी माती वस्तीतल्या बाया-पुरुषांनी घमेल्यांनी वाहिली. संध्याकाळी पाळी सुटल्यावर काम सुरू व्हायचे, मुले बॅटरी धरून उभी राहायची. पहिली ते सातवीच्या मुलांनी त्या महिन्यात अभ्यास किती केला ते शाळेच्या मास्तरांना ठाऊक.

छपराचा निर्णय मात्र चुकला होता, असे माझे मत आहे आणि ते मी समितीत असतानाही मांडले होते. पत्र्याची शेड सोयीची वाटली. एप्रिलमध्ये तिच्याखाली दुपारी बसवत नसे. जुलैत पावसाचा मारा सुरू झाला की पवित्र शास्त्राचे वाचन ऐकू येत नसे. वाचणारी मुलगी ओरडून वाचायची आणि तरी मागच्या ओळी नुसत्या बघत बसायच्या. मग पत्र्याखाली बांबूच्या चटया बांधल्या, पत्रा पांढरा रंगवला, शेड दोन फूट वर उचलली आणि वारा आरपार जाईल अशी सोय केली. ऊन कमी झाले, आवाजही पुष्कळ मरतो. आणि वेदीवरचे छप्पर काढूनच टाकले. वेदी आता कडुनिंबाखाली आहे, जशी पहिल्या दिवशी होती. पाऊस असला तर मिस्सा आत करता यावी म्हणून एक हलकी लाकडी वेदी शेडखाली ठेवली आहे.

कडुनिंबाची गोष्ट दुःखाची आहे. फरशी करताना स्वच्छतेच्या उत्साहात खोडापर्यंत सिमेंट नेले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. झाडाखाली चिखल नको, पाने झाडायला सोपे जावे, एवढाच हेतू. तीन उन्हाळ्यांत झाडाचा रस्त्याकडचा अर्धा भाग वाळला. मग कोणीतरी जाणत्याने सांगितले की मुळांना हवा आणि पाणी दोन्ही बंद केलेत. छिन्नी-हातोड्याने खोडाभोवतीचे सिमेंट फोडले, हातभर त्रिज्येचे आळे मोकळे केले. तेही पुरे पडेना, म्हणून पुढच्या वर्षी ते आणखी रुंद केले आणि भोवती बसायला दगडी कट्टा बांधला. उरलेला अर्धा भाग जगला. वाळलेली मोठी फांदी उतरवली, तिच्या लाकडाचा क्रूस करून तो गुहेशेजारी उभा केला आहे. पुण्य शुक्रवारी त्याचेच चुंबन घेतले जाते.

पाण्याबाबत आम्हाला नगरच्याच एका माणसाच्या कामाचा आधार झाला. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर 1948 मध्ये भारतात आले आणि पुढे नगर जिल्ह्यात त्यांनी पाणलोटाच्या कामाला आयुष्य वाहिले. डोंगरावर पडलेले पाणी डोंगरातच मुरले पाहिजे, हे त्यांनी गावोगाव करून दाखवले. त्यांच्या शिबिरांना गेलेले आमचे काही नातेवाईक होते. त्यांनी येऊन विचारले, "शेडवरचं पाणी गटारात कशाला सोडता?" त्या प्रश्नावरून पन्हळ आणि शोषखड्डा झाला. खड्डा ओट्याच्या पायापासून लांब ठेवला, नाहीतर मुरमाखालची काळी माती पुन्हा फुगली असती. कडुनिंब उन्हाळा काढतो त्याला या खड्ड्याचाही हातभार आहे, असे मी मानते.

ध्वनिक्षेपक हा वादाचा विषय होता. पूर्वी झाडावर कर्णा बांधलेला असे. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा तीन गल्ल्या ऐकू जायची आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. रात्री दहानंतरच्या आवाजाचे नियम आले तेव्हा काही जणांना ती आपल्यावर आलेली बंदी वाटली. मला तसे वाटले नाही. शेजारी रात्रपाळीहून आलेला माणूस झोपलेला असतो, तान्हे मूल असते. आता कर्णा उतरवला आहे. ओट्याच्या चार कोपऱ्यांना चार छोटे स्पीकर आहेत, ते ओट्यापुरते ऐकू येतात. नाताळची मिस्सा आठ वाजता होते. लहान मुले जागी असतात, ही त्यातली मोठी मिळकत.

चाकाच्या खुर्चीसाठी उतरण करायला आम्ही फार उशीर केला. वस्तीतल्या एक मावशी पक्षाघातानंतर दीड वर्ष ओट्यासमोरच्या रस्त्यावर खुर्चीत बसून मिस्सा ऐकत होत्या. फादर त्यांच्यासाठी प्रसाद घेऊन खाली जायचे आणि आम्हाला सगळ्यांना ते फार भक्तीचे वाटायचे. एकदा त्यांच्या नातीने विचारले, "आजीला वर का नाही येता येत?" पुढच्या पंधरा दिवसांत उतरण झाली. फुटाच्या चढाला बारा फूट लांबी असे तिचे माप ठेवले. बारा फुटांचे काम आणि दीड वर्ष लागले. ज्यांच्या पूर्वजांना पायरीने अडवले होते त्यांच्या हातून हे व्हायला नको होते.

25 मार्च 2020 पासून टाळेबंदी आली. त्या वर्षीचा पवित्र आठवडा ओट्यावर झालाच नाही, कडुनिंबाची पानेसुद्धा कोणी झाडली नाहीत. प्रार्थनास्थळे पहिल्यांदा 16 नोव्हेंबर 2020 ला उघडली, पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला परत उघडली. त्या मधल्या काळात आणि नंतरही मोठ्या चर्चमध्ये जायला घाबरणारी माणसे ओट्यावर यायची, कारण इथे वारा होता. चुन्याने चौकोन आखले होते, एका चौकोनात एक घर. ज्यांच्या अंत्यविधीला कोणाला जाता आले नव्हते अशा आमच्या माणसांची नावे त्या नोव्हेंबरात एकेक करून वाचली. प्रत्येक नावानंतर त्या घरातला एक जण उठून कडुनिंबाच्या आळ्यात ओंजळभर पाणी घालायचा. हे कोणी ठरवले नव्हते, पहिल्या बाईने केले आणि मग सगळ्यांनी केले.

गेल्या काही वर्षांत ओट्याच्या जागी बंदिस्त सभागृह बांधावे, वातानुकूलित करावे, लग्नकार्याला भाड्याने देऊन उत्पन्न काढावे, अशी सूचना पुढे आली आहे. ती करणारी आमचीच शिकलेली मुले आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे आणि पैशाची अडचण खरी आहे. तरीही माझा विरोध आहे आणि तो इथे नोंदवून ठेवते. सभागृह जेलरोडला पुष्कळ मिळतील. पण संध्याकाळी जपमाळ चालू असताना भाजीची पिशवी घेऊन घरी चाललेली शेजारची वहिनी दोन मिनिटे कट्ट्यावर टेकते, तिच्या नवऱ्याचे ऑपरेशन आहे म्हणून एक प्रार्थना सांगते आणि पुढे जाते. तिला सभागृहाचे दार ढकलून आत यायला लावू नका. जमवायचाच असेल तर पैसा बायकांच्या स्वच्छतागृहासाठी जमवा. ते अजून झालेले नाही आणि ओट्यावरची ती सगळ्यात मोठी उणीव आहे. यात्रेच्या दिवसांत बाहेरगावच्या बाया आमच्या घरांची दारे ठोठावतात, आम्ही उघडतो, पण मागायची वेळ त्यांच्यावर यायला नको. जागा ठरलेली आहे, गुहेच्या मागे, नळाची लाइन तिथवर आलेली आहे. निम्मा खर्च वस्तीने उचलायचा असे गेल्या सभेत ठरले आहे. बाकीच्या निम्म्यासाठी ज्यांचे बालपण या ओट्यावर गेले आणि जे आज पुण्याला, मुंबईला, आखातात आहेत, त्यांच्याकडे मी या लेखातून हात पसरते.

आणि एक. जुन्या कडुनिंबाचे आयुष्य आता फार उरलेले नाही, म्हणून त्याच्याच निंबोळीतून आलेले रोप गेल्या जूनमध्ये वेदीच्या दुसऱ्या बाजूला लावले आहे. आळे पहिल्यापासून रुंद ठेवले आहे. पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात त्याला रोज दोन बादल्या पाणी लागेल. पाळी लावायची वही सतरंज्यांच्या पेटीवर दोरीने बांधून ठेवली आहे. एप्रिलच्या बऱ्याच तारखांपुढे नावे आली आहेत. मे महिना अजून जवळजवळ सगळा मोकळा आहे.